कलामहर्षींचा कारखाना

ए.टी.डी.च्या अभ्यासक्रमात आम्हाला शाळांमध्ये जाऊन पाठ घ्यावे लागतात. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे पाठ बरे जातात, कारण फळ्यावर काहीतरी काढून दाखवता येते आणि मुलांचे हात कामाला लागतात. अवघड जातो तो कलावंताची ओळख करून देण्याचा पाठ. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला तोच आला. कलावंत निवडण्याची मुभा होती. बहुतेक मैत्रिणींनी लिओनार्दो किंवा राजा रविवर्मा घेतला. मी बाबूराव पेंटर घेतले. कोल्हापुरातल्या मुलांना कोल्हापूरचाच माणूस शिकवायचा, त्यात कठीण ते काय, असा माझा समज.

आठवीचा वर्ग होता. फळ्यावर नाव लिहिले, जन्मसाल आणि मृत्युसाल लिहिले, खाली चित्रपटांची यादी उतरवली. मुले निमूटपणे वहीत उतरवून घेत होती. मध्येच एकाने हात वर करून विचारले, की हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे का. वर्ग हसला, मीही हसले. पण उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की पेंटर हे नाव या माणसाला का पडले हे मलाच धड सांगता येत नाही. मागच्या बाकावर पाठाचे निरीक्षण करणारे आमचे सर बसले होते. तास संपल्यावर सनावळ्या बिनचूक होत्या, एवढेच ते म्हणाले.

पुढे सुट्टीत मी जमेल तेवढे वाचले, जुन्या माणसांना विचारले, टाऊन हॉलच्या संग्रहालयात दोनदा जाऊन आले. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

बाबूरावांचे घराणे मेस्त्र्यांचे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे पूर्ण नाव, जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातलाच. वडील कृष्णराव हे नावाप्रमाणेच मेस्त्री होते. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरचे कोरीव काम असे हाताचे जेवढे म्हणून उद्योग, ते त्यांना येत होते. अशा घरातल्या मुलाला लाकूड कुठे फाटते, लोखंड किती तापवायचे आणि रंगात सरस किती घालायचा, हे कोणी वेगळे शिकवत नाही. घरात हिंडता-फिरता ते अंगात मुरते. शाळेशी मात्र बाबूरावांचे फारसे जमले नाही. शालेय शिक्षण अगदी थोडके झाले आणि पुढे कुठल्याही कलाशाळेची पायरी ते विद्यार्थी म्हणून चढले नाहीत.

हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळी कलाशाळेत जाण्याची वाट कोल्हापूरकरांना ठाऊक नव्हती असे नाही. अबालाल रहिमान हे बाबूरावांच्या जन्माच्या आधीच मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते. तिथले पाश्चात्त्य वास्तववादी रेखाटन आणि रंगकाम आत्मसात करून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ या परिसरात उन्हाची आणि धुक्याची चित्रे काढीत राहिले. १९३१ साली ते वारले. मुंबईची विद्या अशी गावात आली होती आणि गावातल्या डोळस पोरांना ती पाहायला मिळत होती.

बाबूरावांना खरा जोडीदार मिळाला तो नात्याने भाऊ लागणाऱ्या आनंदराव मेस्त्रींच्या रूपाने. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. ‘पेंटर’ या नावाचा उगम इथे आहे. संगीत नाटकांचा तो भराचा काळ. प्रत्येक कंपनीला राजवाडा, रस्ता, अरण्य, देऊळ असे निरनिराळे पडदे लागत. भलामोठा कापडी पडदा, त्यावर सरसात कालवलेले रंग आणि तो पाहायचा दिव्यांच्या उजेडात, दूर बसलेल्या प्रेक्षकाने. जवळून पाहिले तर नुसते फराटे दिसावेत आणि मागच्या रांगेतून पाहिले तर खांबांची रांग आत आत जाताना दिसावी, असे ते गणित. यथार्थदर्शन म्हणून आम्ही जे दोरा आणि पट्टी घेऊन कागदावर शिकतो, ते या दोघांनी हातभर रुंदीच्या कुंचल्याने जमिनीवर पसरलेल्या कापडावर साधले. १९१० ते १९१६ या काळात या दोघा पेंटरांचे पडदे नावाजले गेले होते. लोक पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. तेव्हा त्या मुलाचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. पाट्या नव्हेत, पण भाड्याने गावोगाव फिरणाऱ्या तंबूत टांगायचे पडदे या माणसाने रंगवले, आणि ते काम कमी प्रतीचे आहे असे त्याला कधी वाटले नाही.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यानंतर दोघा भावांना चित्रपटाच्या ध्यासाने पछाडले. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. तो परदेशातून यायचा आणि त्याची किंमत पडदे रंगवणाऱ्यांच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा आधी चित्रपट दाखवण्याचा धंदा करून पैसे जमवावेत आणि कॅमेरा आपणच तयार करावा असे ठरले. या खटाटोपात असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि १९१८ साली कॅमेरा उभा केला. ही गोष्ट आपण फार सहज सांगून टाकतो, म्हणून थोडे थांबून सांगते. मूकपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडायची. म्हणजे हाताने दांडा फिरवताना फिल्मची पट्टी सेकंदात सोळा वेळा पुढे सरकली पाहिजे आणि सोळा वेळा ठार थांबली पाहिजे. ती थांबेल तेव्हाच भिंगापुढची झडप उघडायची, सरकेल तेव्हा बंद व्हायची. केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावर माणसे थरथरू लागतात. हे यंत्र लेथ, कानस आणि अंदाज यांच्या बळावर कोल्हापुरात जमले. कृष्णराव मेस्त्रींच्या घरातले लोहारकाम आणि पडद्यांच्या कामात तयार झालेली नजर अशी एका पेटीत एकत्र आली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्तंभ आहे, त्याच्यासमोरून आपण रोज सायकली दामटत जातो; तो या कामाची आठवण म्हणून आहे, हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर पाठाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मलाही नव्हते.

कॅमेरा झाला तरी पैसा हवाच होता. तो दिला तानीबाई कागलकर या गायिकेने. आपल्याकडे आश्रयदाते म्हटले की महाराजांचे नाव घेतात आणि शाहू छत्रपतींचा हात या कामामागे होताच. पण गाण्यावर मिळवलेले पैसे एका बाईने अशा धाडसात घातले, हे पाठ्यपुस्तकात यायला हवे होते असे मला वाटते. महाराष्ट्र फिल्म कंपनी अशी उभी राहिली.

कागदोपत्री ती कंपनी होती. मला मात्र ती वाचता वाचता एखाद्या कलाशाळेसारखी दिसू लागली. फरक एवढाच, की तिथे वर्ग नव्हते, तास नव्हते, परीक्षाही नव्हती. दामले होते, कागलचे शेख फत्तेलाल होते, बाबूराव पेंढारकर होते. १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा किशोर येऊन दाखल झाला आणि पडेल ते काम करू लागला. कुणाला एकच काम नेमून दिलेले नव्हते. सकाळी सुतारकाम, दुपारी तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे आणि संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची. गुरू कसे, तर फार कमी बोलणारे. बाबूरावांच्या अबोलपणाबद्दल सगळेच सांगतात. ते व्याख्यान देत नसत, चूक झाली तर कारणमीमांसा करीत नसत. प्रत्येक दृश्याची, पोशाखाची, दागिन्याची, देखाव्याची रेखाटने ते आधी स्वतः काढीत आणि ती समोर ठेवीत. रेखाटनात आहे तसे व्हायचे, नाही झाले तर पुन्हा करायचे.

ही पद्धत चांगली की वाईट, यावर आमच्या वसतिगृहात एकदा बराच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, की न बोलणारा शिक्षक म्हणजे विद्यार्थ्यांवर अन्यायच. हुशार असतील ते उचलतील, बाकीच्यांनी काय करायचे. तिचे म्हणणे मला अर्धे पटते. बाबूरावांच्या कंपनीतून किती जण काहीच न शिकता बाहेर पडले असतील, त्यांची नावे कुठेच नाहीत. पण दुसरी बाजूही आहे. आज कायद्याने पाहायचे तर बाबूरावांना कुठल्याही शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नेमता येणार नाही. एलिमेंटरी नाही, इंटरमीजिएट नाही, पदविका नाही. आम्ही मात्र ती पदविका घेऊन त्यांच्यावर पाठ घेणार!

‘सैरंध्री’ १९२० साली आला. विषय कीचकवधाचा. याच कथेवरचे खाडिलकरांचे नाटक इंग्रज सरकारने १९१० साली बंद पाडले होते, त्यामुळे लोकांच्या मनात त्या गोष्टीला वेगळाच अर्थ होता. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रीभूमिका पुरुषाने केली होती. इथे स्त्रियांनी कामे केली, आणि त्याबद्दल त्यांना समाजाचे बरेच काही सोसावे लागले. भीमाने कीचकाला मारण्याचे दृश्य इतके अंगावर येणारे उतरले, की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्य गेले.

पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याने बाबूरावांकडे पाहावे ते दुसऱ्याच कारणासाठी, असे माझे मत आहे. ज्या माणसाने सहा वर्षे पडदे रंगवून नाव मिळवले, त्यानेच चित्रपटात रंगवलेला पडदा बाजूला सारला. कॅमेरा हलला किंवा नट पडद्याजवळ गेला की रंगवलेली खोली खोटी पडते, हे त्याच्या चटकन ध्यानात आले आणि त्याने लांबी, रुंदी, खोली असलेले खरे देखावे उभारायला घेतले. स्वतःला जे उत्तम येते तेच इथे कामाचे नाही, असे ठरवणे सोपे नसते. आम्हाला एखादे तंत्र जमले की आम्ही चार वर्षे तेच गिरवतो. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरून रात्रीची दृश्ये घेतली. तोवर चित्रीकरण म्हणजे सूर्य डोक्यावर असेतो करायचा उद्योग होता. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी काढलेले भित्तिपत्रक आजही पाहायला मिळते; आपल्या देशातल्या चित्रपटांच्या उपलब्ध सचित्र भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुन्यांपैकी समजले जाते. उपयोजित कलेच्या आमच्या मित्रांनी आपले घराणे तिथून मोजायला हरकत नाही.

१९२५ साली ‘सावकारी पाश’ आला. कथा ना. ह. आपट्यांची. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाऊन पडणारा शेतकरी, आणि त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. देवादिकांच्या आणि ऐतिहासिक चित्रपटांचे दिवस असताना हा विषय घेणे म्हणजे पदरचे पैसे पाण्यात घालणे होते, आणि झालेही तसेच. चित्रपट धंद्याला चालला नाही. पण त्यातली ती झोपडी आणि तिच्याबाहेर रात्री भुंकणारे कुत्रे पाहणाऱ्यांच्या आठवणीत कित्येक वर्षे राहिले. १९३६ साली बाबूरावांनी तो बोलपट म्हणून पुन्हा काढला, यावरून त्या कथेने त्यांना किती धरून ठेवले होते ते कळते.

यातला १९२५ चा मूकपट आज आपल्याला पाहता येत नाही. तो उरलेलाच नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि जपायला कठीण. शिवाय जुन्या फिल्म त्यांतल्या चांदीसाठी सर्रास गाळल्या जात. बाबूरावांच्या मूकपटांपैकी हाती राहिले ते १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’चे काही भाग. मग माझ्यापुढचा प्रश्न आणखीच अवघड झाला. लिओनार्दोचा पाठ घेणारी माझी मैत्रीण मोनालिसाचे छापील चित्र वर्गात टांगून मोकळी झाली होती. ज्याचे सर्वांत मोठे काम जळून, विरघळून गेले, त्याचे मी काय टांगणार?

याचे उत्तर शोधताना मला त्यांच्या शिष्यांकडे जावे लागले. १९२९ च्या जूनमध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूला सोडून चौघे एकदम निघाले. याची कारणे अनेक सांगितली जातात. बाबूराव संथ, मनासारखे होईपर्यंत काम न सोडणारे. शिष्य तरुण आणि घाईतले. दोष कोणाला द्यावा हे मला ठरवता येत नाही. एवढे मात्र दिसते, की बाहेर पडलेल्यांना नव्याने शिकायला काही उरले नव्हते. देखावा उभारणे, प्रकाश देणे, कॅमेरा चालवणे, फिल्म धुणे, अभिनय करणे, सगळे त्यांच्या हातात होते, कारण सगळे त्यांनी त्या एकाच कारखान्यात केले होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रभातने कोल्हापुरात केला. १९३३ ला कंपनी पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्यातल्या देहूच्या घराच्या भिंती, जाते, चूल नीट पाहावी. ‘सावकारी पाश’मधली झोपडी कशी असेल याचा अंदाज मला तिथून करावासा वाटतो. हा माझा तर्क आहे, परंतु पाठ घेताना मला त्याचा फार आधार झाला.

आणखी एक गोष्ट. पुण्यातल्या प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. देशभरातली मुले प्रवेशपरीक्षा देऊन तिथे चित्रपटकला शिकायला येतात. त्या जागेची परंपरा मागे मागे नेत गेले, की ती कोल्हापुरातल्या त्या न बोलणाऱ्या, न शिकलेल्या मास्तरापाशी येऊन पोचते.

शिष्य गेल्यावर बाबूरावही फार काळ कंपनीत राहिले नाहीत. १९३१ साली, बोलपटाच्या पहिल्याच वर्षी, महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढे त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी तर दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव शांतारामांच्या नावाशेजारी आले. कधीकाळी आपल्याकडे पडेल ते काम करायला आलेल्या पोराबरोबर, त्याच्या संस्थेसाठी काम करताना या अबोल माणसाला काय वाटले असेल, कोण जाणे. पण या वर्षांत ते अधिकाधिक रमले ते पुन्हा कुंचल्यात आणि मातीत. तैलचित्रे काढली, व्यक्तिचित्रे काढली, पुतळे केले. आपल्या शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा त्यांचा. तिथे पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत कोल्हापूरकरांनी तो राहू दिला नाही, आणि १९४५ साली, म्हणजे इंग्रज अजून जायचे होते तेव्हा, त्या जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने महाराज आले. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कोल्हापुरातच वारले.

सुट्टी संपल्यावर मी त्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांची परवानगी काढून एका रविवारी सकाळी मुलांना बाहेर नेले. गुणांसाठी हा पाठ धरला जाणार नव्हता. अकरा मुले आली. आधी प्रत्येकाला जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर उडी मारणाऱ्या माणसाची सोळा चित्रे काढायला लावली, पाने भरभर सोडायला सांगितली आणि मग खरी कॉर्नरच्या स्तंभापाशी जाऊन सेकंदाला सोळा हा आकडा सांगितला. तिथून चालत शिवाजी चौकात आलो. गाड्यांची गर्दी व्हायच्या आत पोचायचे होते. हा पुतळा कोणी केला असे विचारले, तर कोणालाच सांगता आले नाही. मी सांगितल्यावर, पाट्यांचा प्रश्न विचारणारा तो मुलगा बराच वेळ वर पाहत राहिला. मग त्याने पदपथाच्या कडेला बसकण मारली आणि चित्र काढायला घेतले. तो गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याचा मुलगा आहे, हे मला तेव्हाच कळले, कारण चित्र काढता काढता त्याने मला विचारले, की याचा साचा किती तुकड्यांत केला असेल. मला सांगता आले नाही. त्याने वहीत पुतळ्यावर पेन्सिलीने चार रेघा मारून, तुकडे कुठे जोडले असतील ते मला दाखवले.